दुकानात काय म्हणून मागायचं

कडेगाव
१८ नोव्हेंबर १९९४

प्रिय ऋचा,

पत्र बघून दचकू नकोस. काम आहे म्हणून लिहिते आहे. कऱ्हाडला होस्टेलवर शेजारच्या खाटेवर होतीस तेव्हाही मी काम असलं की तुला उठवायची.

तू साताऱ्यात कंपन्यांना नावं आणि घोषवाक्यं लिहून देतेस असं होस्टेलवरच्या अबोलीकडून कळलं. असं काम असतं आणि त्यावर पोट भरतं, हे मला नवीन होतं.

आमचं गुऱ्हाळ आहे. गूळ परवडत नाही, ऊस सरळ साखर कारखान्याला घालू, असं थोरल्या दिरांचं म्हणणं. मी आणि सासूबाईंनी एक हंगाम मागून घेतला. गूळ होण्याआधी काहिलीतली, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतली, काकवी काढायची आणि बाटलीत भरून विकायची. पाडव्यापर्यंत बाटल्या खपल्या तर गुऱ्हाळ राहील. नाही खपल्या तर काहील मोडीत जाईल. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या काहिलीपाशी उभ्या आहेत. आणि मी बी. ए. होऊन या घरात आल्यापासून, माझं म्हणावं असं हे पहिलंच काम.

लेबल सोबत जोडलं आहे. नाव घरातल्या पुरुषांनी एका संध्याकाळी ठरवलं. घोषवाक्य ह्यांनी जम्मूहून पाठवलं, पलटणीतल्या कुणाला तरी विचारून.

काकवी चांगली आहे. ज्यांनी खाल्ली ते तसं सांगतात. पण दुकानांतून बाटल्या हलत नाहीत. दुकानदार फडक्यानं पुसून परत फळीवर ठेवतो. नाव चुकलं की घोषवाक्य? तुला कळेल.

तुझी
क्रांती


सातारा
२६ नोव्हेंबर १९९४

प्रिय क्रांती,

लेबल टेबलावर उभं करून ठेवलं आहे. मोठ्या अक्षरांत ‘जोतिबा काकवी’. वर फेटा बांधलेल्या, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांचा फोटो, छातीवर पदकं. खाली ‘वीराच्या घरची गोडी’. हे गृहस्थ कोण? जोतिबा तर देव, आणि देवाला पदकं नसतात.

नवऱ्याला, निमिषला, दाखवलं. तो म्हणाला, "तपकीर विकतेय का तुझी मैत्रीण?" मी त्याला रागावले, पण त्याचं खोटं नाही. इतक्या मिशा बघून कुणाला गोड खावंसं वाटेल?

घोषवाक्य काढून टाक. वीर आणि गोडी एका ओळीत सुखानं नांदत नाहीत.

नावाची मात्र मला तक्रार दिसत नाही. नाव लहान असावं, तोंडात बसावं, ऐकणाऱ्याला आधीपासून ओळखीचं असावं. जोतिबा तिन्हीत पास होतं. तुमच्या भागात तर ते न ऐकलेला माणूस सापडणार नाही. तरीही बदलायचंच असेल तर काही सुचवते: सोनधारा, ऊसमळा, मधुरा. घोषवाक्य म्हणून ‘भाकरीची मैत्रीण’ कसं वाटतं?

माझंही एक काम अडलं आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगारांनी सुधारणा सुचवाव्यात म्हणून योजना काढली. नाव मी दिलं: ‘उत्कर्ष’. घोषवाक्य: ‘तुमचा विचार, आपली प्रगती’. फलक रंगवले, पेटी बसवली, साहेबांनी नारळ फोडला. पेटीत चिठ्ठ्या पडत नाहीत. नाव चांगलं आहे, घोषवाक्य चांगलं आहे, आणि पेटी रिकामी. मला राग येण्यापेक्षा कुतूहल जास्त वाटतं आहे.

घरात नावं वाचून दाखव. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं लिही.

ऋचा


कडेगाव
९ डिसेंबर १९९४

प्रिय ऋचा,

जसंच्या तसं लिहिते.

रात्री जेवणं झाल्यावर नावं वाचली. सासूबाई म्हणाल्या, "मधुरा कोण? कुणाची पोर?"

मी म्हटलं, "बाटलीचं नाव हाय, आत्ती."

"बाटलीला पोरीचं नाव? आन् उद्या दुकानदार म्हणंल, मधुरा संपली. कसं वाटंल त्ये?"

सोनधारा ऐकून थोरले दीर म्हणाले, "ही पाइपाची कंपनी वाटती." ऊसमळा ऐकून जाऊबाई भांडी आवरायला उठल्या. भाकरीच्या मैत्रिणीवर मात्र मामंजींनी डोळे मिटूनच सांगितलं, "भाकरीला मैतरीण कशाला? भाकरीला भूक पायजे."

फोटो मामंजींचाच आहे. नावही त्यांचंच. सुभेदार होऊन निवृत्त झाले. गावात त्यांना मान आहे, आणि बाटलीवर त्यांचं नाव असणं ही थोरल्या दिरांची कल्पना. नाव बदलायचं म्हटल्यावर सासूबाईंचाच आवाज चढला. "कारभाऱ्यांचं नाव काढून तिथं मधुरा घालायची व्हय? त्यांचा मान हाय त्यो."

तेव्हा नाव राहणार. घोषवाक्य काढायला कुणाची ना नाही. हे जम्मूत आहेत, त्यांना विचारायला वेळ आहे कुणाला?

आता एक विचित्र गोष्ट. मागच्या आठवड्यात सांगलीला महिला मंडळाचं प्रदर्शन होतं. मी आणि सासूबाई एसटीनं बाटल्या घेऊन गेलो. टेबलावर मांडल्या. दुपारच्या चहापर्यंत टेबल मोकळं झालं. बायका बाटली उचलायच्या, उजेडात धरायच्या, पिशवीत टाकायच्या. लेबल तेच, मिशा त्याच. इथे नाथाजीच्या दुकानात मात्र तीच बाटली दिवाळीपासून बसून आहे. विट्याच्या आणि पलूसच्या दुकानांतही तसंच.

मिशांचा दोष असता तर सांगलीच्या बायका घाबरल्या नसत्या का?

आणि मला सांग, तुझ्या त्या ‘उत्कर्ष’ला कारखान्यातली माणसं काय म्हणतात?

क्रांती


सातारा
१९ डिसेंबर १९९४

प्रिय क्रांती,

तुझा प्रश्न वाचला आणि लाज वाटली नाही असं नाही, पण आधी रिक्षा केली. कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. पाळी सुटली तेव्हा तिथे बसले. एकाला विचारलं, "उत्कर्षमध्ये तुम्ही काही लिहून टाकलंत का?"

"कशात?"

"उत्कर्ष. योजना. पेटी आहे बघा."

"ती व्हय! सायबांची पेटी." मग तो शेजारच्याला म्हणाला, "बाई सायबांच्या पेटीचं इच्यारत्यात." आणि दोघेही माझ्याकडे जरा जपून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी आत जाऊन पाहिलं. पेटी साहेबांच्या केबिनच्या दाराला टांगली आहे. तिथे चिठ्ठी टाकायला जाणारा माणूस सगळ्या कारखान्याला दिसतो. म्हणजे माझं नाव फक्त फलकावर होतं. पेटीला तिचं नाव पहिल्याच दिवशी पडलं होतं, आणि ते माझ्या नावापेक्षा खरं होतं.

तेव्हापासून तुझ्या बाटलीकडे वेगळ्या नजरेनं बघते आहे. सांगलीत ती टेबलावर होती, हातानं उचलायची होती. नाथाजीकडे ती फळीवर आहे आणि मध्ये नाथाजी आहे. तिथे ती तोंडानं मागावी लागते. मला एवढाच फरक दिसतो. त्यातून काय निघतं ते कळत नाही.

म्हणून तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. तू लिहितेस ‘बाटली’, ‘लेबल’, ‘नाव’. ते नाव काय, हे तू एकदाही लिहिलेलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर पहिल्याच ओळीत लिहिलं असतं. काकवीचं नाव मला फक्त लेबलावरून माहीत आहे.

असं का?

एक काम कर. एक दिवस नाथाजीच्या दुकानात बस. विकू नकोस, बोलू नकोस. कोण काय म्हणून मागतं, तेवढं ऐक.

ऋचा


कडेगाव
५ जानेवारी १९९५

प्रिय ऋचा,

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग तुला उत्तर म्हणून ते नाव कागदावर लिहायला घेतलं. पेन टेकवलं आणि लिहिता आलं नाही. लिहिलं असतं तर काही आकाश कोसळणार नव्हतं. पण सासऱ्यांचं नाव सून घेत नाही, नवऱ्याचं बायको घेत नाही. तू निमिषला अरे-निमिष म्हणतेस, तुझ्या घरात ते चालतं. आमच्याकडे अजून नाही. आणि हे मला इतकं अंगवळणी पडलं आहे की आपण पाळतो आहोत हेही लक्षात नव्हतं.

मग उठले आणि नाथाजीच्या दुकानात जाऊन बसले. त्याची आई माझ्या माहेरकडची, त्यामुळे बसायला हरकत नव्हती.

रंगुबाई आली. सामान घेऊन झालं. मग फळीकडे बघत म्हणाली, "आन् ती द्या."

"कंची?"

"ती वं. वरच्या फळीवरची."

नाथाजीनं खोबरेल काढलं. "न्हाई, त्येच्या शेजारची." त्यानं फिनेल काढलं. मागे गिऱ्हाइकं उभी होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, पावशेर साखर द्या." रंगुबाईच्या नवऱ्याचं नाव तेच आहे.

दुसरी एक पाडळीची होती. "डोंगरावरच्या देवाची द्या," म्हणाली. नाथाजीनं गुलालाची पुडी दिली. तिनं पुडीकडे पाहिलं, नाथाजीकडे पाहिलं, आणि गुपचूप गुलाल घेऊन गेली. तिसरीनं नातीला पुढे केलं. "सांग गं मामाला, आज्याचं नाव सांग." पोरगी लाजून पदरात शिरली.

देवाचं नाव असल्यामुळे इकडे घरटी एकाला तरी ते असतंच. नवरा, सासरा, दीर, चुलतसासरा, कुणीतरी.

तू विचारशील, नुसतं काकवी का म्हणत नाहीत. काकवी म्हटलं की नाथाजी डब्यातली सुटी काकवी मापानं घालतो. बाटली द्या म्हणावं, तर बाकड्यावर बसलेले गडी हसतात, "कंची बाटली, वैनी?" आता कोण मागेल?

घरात आम्ही तीन बायका. मी, जाऊबाई, सासूबाई. तिघींपैकी एकीलाही जे नाव तोंडानं घेता येत नाही, ते आम्ही बायकांनी विकत घ्यायच्या वस्तूला दिलं. तिघी लेबल चिकटवत बसलो होतो, एकीच्याही डोक्यात आलं नाही.

आता अडचण पुढची. हे मामंजींना आणि थोरल्या दिरांना सांगायचं कसं? सांगायला ते नाव घ्यावं लागेल. आणि नाव काढा म्हणणं म्हणजे त्यांचा मान काढा म्हणणं.

संक्रांत आठ-दहा दिवसांवर आली. थोरले दीर काल भंगारवाल्याशी बोलत होते. मला बघून गप्प झाले.

क्रांती


सातारा
११ जानेवारी १९९५

प्रिय क्रांती,

पत्र तीनदा वाचलं. नाव तोंडात बसतं असं मी लिहिलं होतं. कुणाच्या तोंडात, हे विचारायचं राहिलं.

नवीन नाव सुचवत नाही. तुझ्या डिसेंबरच्या पत्रात तुझ्या सासूबाईंच्या तोंडी एक शब्द आहे. मी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे. तो काय ते लिहीत नाही. तुमच्या घरातला आहे, तुम्हीच काढा. एवढंच विचार: त्या मामंजींबद्दल बोलताना त्यांना काय म्हणतात? आणि रंगुबाई तिच्या नवऱ्याला?

फोटोबद्दल मी चुकले होते. मिशा राहू देत.

ऋचा


कडेगाव
६ फेब्रुवारी १९९५

प्रिय ऋचा,

उशीर झाला, कारण सांगण्यासारखं घडत होतं आणि ते पुरं होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी सासूबाईंना नाथाजीच्या दुकानातलं सगळं सांगितलं. त्या काहिलीवरची मळी काढत होत्या. झाऱ्यावरची मळी बादलीत टाकली. मग म्हणाल्या, "म्हंजी मला बी मागता यायची न्हाई."

"तुमास्नी कशाला मागायला लागती, आत्ती? तुमीच करताय की."

"करती मी. पर मागता यायची न्हाई."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या दिरांनी विषय काढला. बाटल्या पडून आहेत, भंगारवाला थांबणार नाही. मी म्हटलं, का खपत नाहीत ते कळलं आहे.

"मग सांग की."

"नावामुळं."

"नावात काय वाईट हाय? सगळ्या गावाला ठावं हाय. बापाचं नाव खोडायचं का आता?"

मी गप्प. मामंजी म्हणाले, "बोल पोरी. हुकूम हाय." तरी गप्प. पलटणीच्या हुकमानंही ते तोंडातून निघेना.

तेव्हा सासूबाई उठल्या, पायात वहाणा घातल्या. "ती न्हाई बोलायची. मी बी न्हाई. दुकानात चला, म्हंजी कळंल."

गावानं बघावं अशी वरात निघाली. पुढे सासूबाई, मागे काठी घेऊन मामंजी, त्यामागे थोरले दीर, शेवटी मी आणि जाऊबाई. मामंजी दुकानाबाहेर बाकड्यापाशी थांबले. बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली.

सासूबाई आत गेल्या. "नाथाजी, काकवी दे."

"डब्यातली?"

"न्हाई. फळीवरची."

"नाव सांगा की, काकी." त्याला सगळं माहीत होतं. दात काढून हसत होता मेला.

त्यांनी पदर पुढे ओढला. एकदा बाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्या कारभाऱ्यांची दे."

नाथाजी म्हणाला, "कारभारी तर दारात हुबं हायती. आनी एक कशाला?"

सगळं दुकान हसलं. बाकडं हसलं. रस्त्यानं जाणारी रंगुबाई थांबून हसली. मामंजी तेवढे हसले नाहीत. मग त्यांच्या मिशा हलल्या.

परत येताना ते सासूबाईंच्या बरोबरीनं चालत होते. एरवी चार पावलं पुढे असतात.

"असं कवापासनं चाललंय?"

"लेबल छापल्यापासनं."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाई."

"कसं सांगायचं?" सासूबाई म्हणाल्या.

मामंजी काठी टेकत घरी पोचले. दारात थोरल्या दिरांना म्हणाले, "माझा फोटो ऱ्हाऊ दे. नाव ती म्हणली त्ये घाला. कारभारी."

दीर म्हणाले, "पर आबा, तुमचं नाव..."

"मला ठावं हाय माझं नाव. ते दुकानात मागून कुणाला गावत न्हाई."

मग सांगलीला छापखान्यात गेलो. मामंजी, थोरले दीर आणि मी. मामंजींनी कोट घातला होता. घोषवाक्याची जागा छापखानेवाल्यानं विचारली, मी कोरी ठेवायला सांगितली. मग तो म्हणाला, "खाली करणाऱ्याचं नाव लागतं. काय घालू?"

थोरले दीर सांगायला पुढे झाले. ते स्वतःचं सांगणार होते, त्यात वावगं काही नाही, गुऱ्हाळ त्यांच्या नावावर आहे. मामंजींनी हात वर केला. आणि सासूबाईंचं नाव सांगितलं. मोठ्यानं, पलटणीत हजेरी घेतात तसं. मशीन चालू होतं तरी छापखान्यातल्या सगळ्यांनी वर पाहिलं.

ऋचा, मी या घरात आल्यापासून ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. घरात ते म्हणतात "ऐकलं का". बाहेर म्हणतात "घरात". थोरले दीर वरच्या पंख्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला.

"समद्यांच्या देखत?"

"व्हय."

"मोठ्यानं?"

"व्हय, आत्ती."

"कसं म्हणालं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "ते मी कसं सांगू? तुमचं नाव मला घेता येत न्हाई."

त्या इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाल्या, "मग त्यांस्नीच इच्यारती."

अजून विचारलेलं नाही. रोज संध्याकाळी मामंजी ओट्यावर बसतात, त्या चहा घेऊन जातात, जरा वेळ उभ्या राहतात, आणि कप घेऊन परत येतात.

लेबलं या आठवड्यात येतील.

क्रांती


सातारा
२७ मार्च १९९५

प्रिय क्रांती,

पाडव्याच्या आधीच काहील ठेवायची ठरली हे तुझ्या कार्डावरून कळलं. भंगारवाल्याची निराशा झाली असेल. होऊ दे.

पेटीचं सांगते. मी नवं नाव दिलेलं नाही. साहेबांना सांगून पेटी त्यांच्या दारावरून काढली आणि सायकल स्टँडच्या भिंतीला लावली. फलक रंग देऊन पुसले. साहेब विचारतात, योजनेला म्हणायचं काय? मी म्हटलं, थांबा. चिठ्ठ्या पडायला लागल्या आहेत, बहुतेक पंख्याबद्दल आणि कॅन्टीनच्या आमटीबद्दल. नाव अजून पडायचं आहे. मी आठवड्यातून एकदा टपरीवर जाऊन बसते.

काल इथल्या दुकानात तुमची बाटली दिसली. माझ्यापुढे एक बाई होत्या, कोरेगावकडच्या असाव्यात. म्हणाल्या, "एक कारभारी द्या." दुकानदार म्हणाला, "घरचा हरवला का?" त्या म्हणाल्या, "घरचा कामाचा न्हाई." खाली घोषवाक्याची जागा तू कोरी ठेवलीस ते बरं केलंस. गिऱ्हाईक मागताना जे बोलतं त्यापेक्षा चांगलं मी लिहू शकले नसते, आणि ते रोज बदलतं.

मग मीही मागितली. मिशांना काही बोलले नाही.

घरी येऊन लेबल शेवटपर्यंत वाचलं. अगदी तळाशी, बारीक अक्षरात: ‘करणार: राहीबाई जोतिबा’. चार महिने आपण नावांबद्दलच लिहितो आहोत, आणि हे नाव मला काल कळलं.

त्यांनी अजून विचारलं नसेल तर त्यांना सांग, मी इथे साताऱ्यात ते मोठ्यानं वाचलं. ऐकायला चांगलं वाटतं.

ऋचा